आखाजीचा फॅमिली फोटो : कॅमेऱ्यासमोर मुले का बिथरतात आणि त्यावर उपाय काय?

आखाजीला लेकी माहेरी येतात, सुरत-पुणे-नाशिककडे नोकरीधंद्याला गेलेले भाऊ येतात आणि वर्षातून एकदाच भरणाऱ्या घरात कोणीतरी म्हणतेच, सगळ्यांचा एक फोटो होऊन जाऊ द्या. पुढच्या अर्ध्या तासात काय होते, हे जळगाव-धुळ्यातल्या बहुतेक कुटुंबांना ठाऊक आहे. मोठी माणसे खुर्च्यांवर स्थिरावतात. दोन वर्षांचे मूल उचलून पणजीच्या मांडीवर ठेवले जाते. ते अंग ताठ करून रडू लागते. पंधरा जण एकदम ‘आठे देख, आठे देख’ म्हणत टाळ्या वाजवतात. शेवटी जो फोटो हाती येतो, त्यात निम्मी माणसे कॅमेऱ्याऐवजी मुलाकडे पाहत असतात. पणजी पंचाऐंशीच्या घरात असेल तर हा फोटो पुढच्या आखाजीला पुन्हा काढता येईलच, याची खात्री नसते. त्यामुळे ज्या दिवशी सगळे एकत्र आहेत, त्याच दिवशी मुलांना सांभाळून फोटो कसा काढायचा, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

मूल हट्ट करते की आणखी काही?

फोटोच्या वेळी रडणाऱ्या मुलाला घरात ‘हट्टी’ हा शिक्का लगेच बसतो. प्रत्यक्षात त्या पाच मिनिटांत मुलाभोवतीच्या बऱ्याच गोष्टी एकाच वेळी बदललेल्या असतात. अंगात टोचणारा जरीचा कुर्ता किंवा जाळीचा फ्रॉक असतो. समोर अनोळखी माणूस असतो आणि त्याचा चेहरा काळ्या यंत्रामागे लपलेला असतो. साधारण सहा ते आठ महिन्यांपासून मुले ओळखीचे आणि अनोळखी चेहरे वेगळे करू लागतात आणि अनोळखी माणसाला घाबरू लागतात. हे वाढीचे लक्षण आहे. ज्या फोटोग्राफरने आल्या आल्या कॅमेरा डोळ्याला लावला, त्याच्याकडे पाहून वर्षाचे मूल रडले तर ते अपेक्षितच म्हणायला हवे.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक प्रयोग केला. बाळाशी हसतखेळत असलेल्या आईने अचानक चेहरा निर्विकार करायचा आणि बाळाने काहीही केले तरी प्रतिसाद द्यायचा नाही, एवढाच तो प्रयोग. बाळ आधी हसून, हातवारे करून आईला परत ‘आणण्याचा’ प्रयत्न करते आणि ते साधले नाही की अस्वस्थ होऊन रडते. ग्रुप फोटोत थोड्या प्रमाणात हेच घडते. आई, बाबा, आजी सगळे एकाएकी ताठ होतात, एकाच दिशेला पाहतात आणि मांडीवरच्या मुलाला उत्तर देणे थांबवतात. मुलाच्या नजरेतून पाहिले तर घरातली सगळी माणसे एका क्षणात पुतळे झालेली असतात.

‘हलू नको’ची सवय आली कुठून?

एकोणिसाव्या शतकात फोटो काढताना खरोखरच हलून चालत नसे. १८३९ मध्ये डॅगरोटाइपची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका फोटोला काही मिनिटे लागत. पुढे हा काळ सेकंदांवर आला, तरी मोठ्या माणसांच्या मानेमागे लोखंडी आधार लावावा लागे. मुलांसाठी तर वेगळीच युक्ती होती. युरोप-अमेरिकेतील त्या काळच्या अनेक फोटोंत आईला पडद्यासारख्या कापडाखाली झाकून तिच्या मांडीवर मूल बसवलेले दिसते. मूल शांत राहावे म्हणून आई हवी, पण फोटोत ती दिसायला नको. १८८०च्या सुमारास ड्राय प्लेट रुळल्या आणि सेकंदाच्या छोट्या भागात फोटो निघू लागला.

त्यानंतर स्थिर बसण्याचा आग्रह टिकला तो पैशांमुळे. गावोगावच्या स्टुडिओंत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या १२० नंबरच्या रोलवर चौकोनी फोटो बाराच निघत. एका कुटुंबावर एक, फार तर दोन फ्रेम खर्च करायच्या, असा हिशेब असे. रंगवलेला पडदा, लाकडी घोडा, छत्रीचा दिवा आणि ‘श्वास रोखा’ ही आज्ञा, या सगळ्यामागे रोल वाया जाण्याची धास्ती होती.

जळगाव जिल्ह्याला छायाचित्रणाची मोठी परंपरा आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) स्वतःच्या बंगल्यात दशकानुदशके जवळजवळ कोंडून घेऊन राहिले आणि टेबल-टॉप छायाचित्रणासाठी ओळखले गेले. साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून, प्रकाश जुळवून त्यातून एखादे दृश्य उभे करायचे, असे हे तंत्र. टेबलावरची वस्तू ठेवली तिथेच राहते. दोन वर्षांचे मूल राहत नाही. पण या तंत्रातली एक गोष्ट कुटुंबाच्या फोटोलाही लागू पडते. आधी सगळी मांडणी पूर्ण करायची आणि बटण अगदी शेवटी दाबायचे.

आजचा साधा मोबाइलही सेकंदाच्या अडीचशेव्या भागात फोटो घेतो आणि बटण दाबून धरले की एकापाठोपाठ एक घेत राहतो. मुलाने स्थिर बसण्याची तांत्रिक गरज उरलेली नाही, आग्रह मात्र तसाच आहे. तो सोडला की निम्मे काम झाले.

ऊन आणि झोपेचे गणित

खान्देशात फोटोची वेळ ठरवताना पहिला विचार उन्हाचा करावा लागतो. आखाजी येते ती एप्रिल-मेच्या तोंडावर. त्या दिवसांत जळगावचा पारा ४२-४३ अंशांवर असणे नित्याचे आहे आणि मेमध्ये तो ४५च्या आसपासही जातो. त्यात पुरणपोळी-आमरसाचे जेवण आटोपून, सगळे एकत्र आहेत म्हणून दुपारी दोन वाजता अंगणात फोटो ठरवला जातो. मुलासाठी याहून वाईट वेळ शोधूनही सापडणार नाही. त्याची झोपेची वेळ झालेली असते, पोट जड असते, डोक्यावर ऊन असते आणि उन्हाकडे तोंड केल्याने डोळे उघडत नाहीत.

मे महिन्याच्या सुरुवातीला जळगाव-धुळ्यात सूर्य साधारण सहाला उगवतो आणि सातच्या थोडे आधी मावळतो. त्यामुळे सकाळी सात ते साडेआठ आणि संध्याकाळी पावणेसहा ते पावणेसात हे दोन पट्टे हाती राहतात. लहान मुले घरात असतील तर सकाळचा पट्टा निर्विवादपणे चांगला. मूल झोपून उठलेले असते, दूध-नाश्ता झालेला असतो आणि ओटाही तापलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशींनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. यात दुपारची झोपही धरलेली आहे. ती मोडून काढलेल्या फोटोत मुलाचा चेहराच ते सांगतो.

श्रावणात कानबाईच्या रोटांना भाऊबंदकी जमते, तेव्हा अडचण वेगळी असते. रविवारी स्थापना होते, रात्रभर जागर चालतो आणि सोमवारी विसर्जनाची मिरवणूक निघते. मुलेही त्या रात्री धड झोपत नाहीत. त्यामुळे कुटुंबाचा फोटो सोमवारी सकाळी काढण्यापेक्षा रविवारी, स्थापनेच्या गडबडीआधी काढलेला बरा. जावळाचेही तसेच. धुळ्यात पांझरेच्या काठी एकवीरा देवीच्या मंदिरात जाऊळ काढायला लांबून कुटुंबे येतात. वस्तरा फिरल्यानंतर रडून लाल झालेल्या मुलाला घेऊन फोटो काढण्याचा अट्टहास होतो. जावळासकटचा फोटो आधी घ्यावा. तो पुन्हा कधीच मिळत नाही.

जागा निवडताना घराचा ओटा हा सर्वात हाताशी असलेला स्टुडिओ आहे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या ओट्यावर सकाळी सावली असते, पूर्वेकडच्या ओट्यावर संध्याकाळी. निंबाच्या झाडाखाली फोटो काढण्याचा मोह होतो, पण पानांतून पडणारे कवडसे चेहऱ्यावर पांढरे डाग उमटवतात. सावली दाट असेल तरच तिथे उभे राहावे. जळगावचा मेहरूण तलाव, धुळ्याचा नकाणे तलाव किंवा लळिंगचा किल्ला अशा ठिकाणी जायचे असेल तर चालत्या मुलामागे एक माणूस फक्त लक्ष ठेवायला हवा आणि तो फोटोत नसावा. पाण्याच्या काठावर किंवा तटाच्या कडेला मुलाला ‘एक पाऊल मागे’ सरकवण्याचा प्रकार तर अजिबात नको.

कोणत्या वयात किती अपेक्षा ठेवावी?

पहिल्या तीन महिन्यांत बाळाकडून काहीच अपेक्षा नसते. ते झोपलेले असले तरी चालते. ओळखून हसणे साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सुरू होते. मान धरेपर्यंत त्याला बसते करण्याचा प्रयत्न करू नये. सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान आधाराशिवाय बसू लागलेले, पण अजून पळता न येणारे मूल हा फोटोग्राफरच्या दृष्टीने सुवर्णकाळ. तो फार टिकत नाही.

खरी कसोटी एक ते तीन वर्षांची. या वयात मुलाला चालता येते, ‘नाही’ म्हणता येते आणि ते म्हणून पाहण्यात त्याला रस असतो. त्याला एका जागी बसवण्याऐवजी काम द्यावे. टोपलीतल्या कैऱ्या आजोबांना एकेक करून द्यायला सांगावे, बाबांच्या खांद्यावर बसून फांदीला हात लावायला सांगावे, आईच्या पदराआडून डोकवायला सांगावे. मुलाचे हात गुंतले की चेहरा सैल होतो. फोटोग्राफरने पहिली दहा मिनिटे कॅमेरा खाली ठेवून घरात नुसते बसावे, चहा घ्यावा, आईशी हसून बोलावे. या माणसापासून धोका नाही, हे मूल आईच्या चेहऱ्यावरून ताडते. मग कॅमेरा मुलाच्या हातात देऊन (पट्टा मात्र स्वतःच्या गळ्यात ठेवून) त्याला एक बटण दाबू द्यावे. आणि फोटो उभ्याने काढू नये. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर यावे, वेळ पडल्यास जमिनीवर बसावे.

चार ते सात वर्षांची मुले सांगितलेले ऐकतात, पण ‘हस’ म्हटले की दात विचकतात. त्यात त्यांचा दोष नाही. फ्रेंच वैद्यक द्युशेन यांनी १८६२ मध्येच दाखवून दिले होते की मनापासूनच्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो आणि तो सहसा हुकमावर हलत नाही. म्हणजे ‘हस’ ही आज्ञा पाळली तरी मुलाला अर्धेच हसता येते. त्याऐवजी एखादा खोटा प्रश्न विचारावा. ‘आबांच्या मिशीत मुंगी गेली का?’ असे विचारल्यावर मूल आबांकडे पाहते, आबा मिशीला हात लावतात आणि दोघेही हसतात. तोच फोटो.

आठ वर्षांपुढची मुले वेगळ्या कारणाने आडतात. त्यांना आपण कसे दिसतो याची जाणीव झालेली असते. दात पडलेले असतात, मुरूम आलेले असतात, भावंडांसारखेच कपडे घालण्याची लाज वाटते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला सगळ्यांदेखत ‘नीट उभी राहा’ म्हटले की तिचा चेहरा त्या दिवसापुरता मिटतो. या वयाला किती वेळ लागेल ते आधी सांगावे, कपडे त्यांना निवडू द्यावेत आणि लहान भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी द्यावी.

पणजीच्या मांडीवर मूल बसतच नसेल तर?

या सगळ्या प्रकरणातली सर्वात नाजूक गोष्ट हीच आहे. घरातल्या सर्वात मोठ्या माणसाच्या मांडीवर सर्वात लहान मूल, ही कुटुंबाच्या फोटोची ठरलेली मांडणी. पण सुरत किंवा पुण्यात वाढणारे मूल पणजीला वर्षातून एकदा भेटते. मोठ्यांसाठी ती घराची मुळी असली तरी मुलासाठी ती अनोळखी बाई असते. मूल रडले की पणजीलाही वाईट वाटते, ‘मी नको त्याला’ म्हणून ती अंग चोरते आणि त्या फोटोत दोन्ही चेहरे दुखावलेले येतात.

यावर पहिला उपाय म्हणजे फोटो आल्या दिवशी काढू नये. परतीच्या आदल्या सकाळी काढावा. मधल्या दोन दिवसांत मुलाला पणजीच्या हातून काही खायला मिळू द्यावे, तिच्या बांगड्यांशी, काठीशी खेळू द्यावे. फोटोच्या वेळी मूल आईच्याच मांडीवर ठेवून आईला पणजीला खेटून बसवावे आणि मुलाचा एक हात पणजीच्या हातात द्यावा. फोटोत ते दोघे जवळच दिसतात. तेही जमले नाही तर पणजी बाजेवर बसली आहे आणि मूल तिच्या पायाशी खेळते आहे, असा फोटो घ्यावा. सुरकुतलेल्या तळहातात मुलाची मूठ, असा केवळ हातांचा फोटोही घेऊन ठेवावा. त्यात चेहऱ्याचा प्रश्नच येत नाही. मुलाने गळ्यात पडावे, पापा द्यावा असा आग्रह मात्र सोडलेला बरा. वडीलधाऱ्यांना यात अपमान वाटू नये म्हणून घरातल्या कर्त्या माणसाने त्यांना आधीच समजावून सांगितले तर वेळेवर तणाव होत नाही.

पंचवीस जणांचा फोटो कसा जुळवावा?

मोठ्या कुटुंबात चूक क्रमाची होते. मुलांना तयार करून आधी उभे केले जाते आणि मग खुर्च्या आणणे, काकांना हाक मारणे, कोणाच्या शेजारी कोण यावर चर्चा असे वीस मिनिटे चालते. तोपर्यंत मुलांचा धीर संपलेला असतो. क्रम उलटा हवा. आधी खुर्च्या, मग मोठी माणसे, मग एक-दोन फोटो काढून प्रकाश आणि चौकट तपासायची. हे सगळे होईपर्यंत मुले घरातच, घरच्या कपड्यांत खेळत राहतील. नवे कपडे अखेरच्या पाच मिनिटांत घालायचे आणि मुलांना थेट आपापल्या जागी आणायचे. त्यानंतर दोन ते तीन मिनिटांत काम संपले पाहिजे.

हाक मारणारा माणूस एकच असावा आणि तो कॅमेऱ्याच्या बरोबर मागे, लेन्सच्या किंचित वर असावा. डावीकडून मावशी, उजवीकडून काका आणि मागून शेजारी अशा तीन दिशांनी आवाज आले की मूल चौथीकडे पाहते. मुलाला रोज हसवणारे जे कोणी घरात असेल, मग ती आत्या असो की दहा वर्षांचा चुलतभाऊ, त्यालाच हे काम द्यावे आणि त्याचा समावेश असलेला दुसरा फोटो नंतर घ्यावा. मोठ्यांसाठी एकच नियम पुरतो. मूल रडो, पळो, काहीही होवो, नजर कॅमेऱ्यावरून हटवायची नाही. मुलाचा चेहरा एका क्षणासाठी जरी सुटला तरी फोटो मिळतो. पण त्या क्षणी आठ मोठी माणसे त्याच्याकडे वळलेली असली तर तो वाया जातो.

किती फोटो काढावेत, याचेही एक गणित आहे. निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या ऑस्ट्रेलियातील दोघांनी, ग्रुपमधल्या कोणाचेच डोळे मिटलेले नसावेत यासाठी किती फोटो घ्यावेत, याचा हिशेब मांडला आणि २००६ मध्ये त्यांना गणिताचे इग नोबेल मिळाले. वीसपेक्षा कमी माणसे असतील आणि प्रकाश चांगला असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागावे, प्रकाश कमी असेल तर दोनने, असा त्यांचा सोपा नियम. अठरा जणांसाठी सहा फोटो झाले. हा हिशेब फक्त पापण्यांचा आहे. मुले असतील तर बटण दाबून धरून तीस-चाळीस फोटो घेण्यात काहीच गैर नाही.

लाच, धमकी की पर्याय?

‘रडलास तर हे काका घेऊन जातील’, ‘डॉक्टर सुई टोचतील’ ही वाक्ये फोटोच्या वेळी सर्रास ऐकू येतात. त्यातला पहिला धाक तर त्याच फोटोग्राफरचा असतो, ज्याच्याकडे पाहून मुलाने हसायचे असते. धपाटा दिला तर पुढचा अर्धा तास डोळे सुजलेले आणि नाक लाल. म्हणजे फोटोच्या दृष्टीनेही तो तोट्याचा सौदा आहे, बाकी तोटे वेगळेच.

चॉकलेटचे काय? रडू लागल्यावर हातात दिलेले चॉकलेट मुलाला एवढेच शिकवते की रडले की चॉकलेट मिळते. शिवाय उन्हात ते वितळून कपड्यांवर येते. फोटो झाल्यावर सगळे मिळून बर्फाचा गोळा खायला जायचे आहे, असे आदल्या रात्रीच सांगितले तर ती लाच होत नाही, दिवसाचा कार्यक्रम होतो. आणि मूल रडले तरी तो रद्द करू नये. मध्ये भूक लागलीच तर मुरमुरे किंवा साधे बिस्कीट बरे. रावेर-यावलची केळी घरात घडाने असली तरी पांढऱ्या कुर्त्यावर केळाचा डाग काळा पडतो, हे तिथल्या आयांना वेगळे सांगायला नको. शेंगदाणे-फुटाणे लहान मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत. हसता-रडताना ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

अडीच-तीन वर्षांपुढच्या मुलांवर पर्यायाची मात्रा चांगली चालते. ‘इथे बस’ला उत्तर ‘नाही’ येते. ‘आजोबांजवळ उभा राहशील की बाबांच्या खांद्यावर बसशील?’ या प्रश्नाला सहसा दोहोंपैकी एक उत्तर येते आणि फोटोसाठी दोन्ही चालणारे असते. तरीही मूल रडलेच तर थांबावे. दहा मिनिटे त्याला तिथून दूर न्यावे, पाणी द्यावे, टोचणारा कपडा काढावा. दुसऱ्यांदा रडले तर त्या दिवशीचा बेत बदलावा. रडणाऱ्या मुलासकटचा एक फोटो घेऊन ठेवायला हरकत नाही. वीस वर्षांनी घरात सगळ्यात जास्त तोच पाहिला जातो.

ऑटिझम असलेल्या किंवा आवाज-प्रकाशाचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी आदल्या दिवशी जागा दाखवून आणणे, फ्लॅश आणि टाळ्या पूर्ण बंद ठेवणे आणि त्याची आवडती वस्तू हातात राहू देणे आवश्यक आहे. ती वस्तू फोटोत दिसली तर दिसू द्यावी.

नवजात बाळाच्या शूटमध्ये काय जपावे?

टोपलीत झोपलेले बाळ, हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन ‘बसलेले’ बाळ, अशा फोटोंची हौस आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. यातली हनुवटीखाली हात घेतलेली पोझ प्रत्यक्षात एका फोटोची नसते. एकात बाळाचे डोके धरलेले असते, दुसऱ्यात हात. मग दोन्ही फोटो संगणकावर जोडून धरणारे हात पुसले जातात. हे ठाऊक नसलेल्या माणसाने मोबाइलवर पाहून ती पोझ करून बघणे धोक्याचे आहे. टोपली टांगायची नाही, बाळाच्या अंगावरून एका मोठ्या माणसाचा हात दूर जाऊ द्यायचा नाही, एसीचा झोत थेट अंगावर घ्यायचा नाही आणि उन्हाळ्यात लोकरी टोप्या-गुंडाळ्यांत फार वेळ ठेवायचे नाही. फ्लॅशने बाळाचे डोळे जातात ही आज्यांची भीती निराधार असली, तरी अचानक चमकलेल्या प्रकाशाने बाळ दचकते हे खरेच. खिडकीतल्या उजेडाने काम भागते.

मोबाइलवर काढायचा असेल तर?

लेन्स आधी पुसावी. स्वयंपाकघरातल्या हातांनी हाताळलेल्या फोनचे निम्मे फोटो धुरकट येतात ते याच कारणाने. वाइड लेन्सने कडेची माणसे ताणल्यासारखी दिसतात, म्हणून चार पावले मागे जाऊन दुप्पट झूमवर काढावा आणि मुलांना कडेला न ठेवता मध्ये घ्यावे. वेगवेगळ्या फोटोंतले चांगले चेहरे एकत्र जोडण्याची सोयही आता आहे. गूगलच्या पिक्सेल ८ फोनबरोबर २०२३ मध्ये ‘बेस्ट टेक’ नावाने ती आली, आणि स्टुडिओवाले फोटोशॉपमध्ये हे काम त्याही आधीपासून करत आहेत. मुलाचा चेहरा जुळवण्यापुरते ते ठीक. पण त्यासाठी मूळ जागेवरून कॅमेरा न हलवता बरेच फोटो घेतलेले असावे लागतात. म्हणून शंभर-दोनशे रुपयांचा का होईना, ट्रायपॉड घ्यावा.

फोटोग्राफरशी आधी काय बोलून घ्यावे?

बुकिंग करताना पैशांइतकेच मुलांचे बोलणे व्हायला हवे. घरात किती मुले, कोणत्या वयाची, कोण लाजाळू, कोणाची झोपेची वेळ कोणती, हे सांगावे. सर्वात महत्त्वाचा फोटो कोणता, हेही सांगावे. तो सर्वात आधी काढला पाहिजे, कारण मुलांचा आणि वृद्धांचा धीर एकदमच संपतो. लग्नसराईच्या दिवसांत दिवसाला तीन-चार ऑर्डर घेणारा फोटोग्राफर मुलासाठी थांबू शकत नाही. त्याच्याकडून एक सकाळ मोकळी मिळत नसेल तर तारीख बदलावी किंवा माणूस बदलावा.

फोटोंच्या वापराचा मुद्दाही बिलावरच लिहून घ्यावा. मुलांचे फोटो स्टुडिओच्या फलकावर किंवा इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी पालकांची परवानगी लागेल, एवढे एक वाक्य पुरते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून त्यांच्या विदेच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. घरगुती, वैयक्तिक वापराला हा कायदा लागू होत नाही. त्यामुळे कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणाचा रडतानाचा किंवा आंघोळीचा फोटो टाकायचा, हे घरातच ठरवावे लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना तर टाकण्याआधी विचारलेलेच बरे. पुढच्या आखाजीला तीच मुले पुन्हा फोटोसाठी उभी करायची असतात.